विडीभर चालणारी मशीन

भादव्याचं ऊन फार लबाड. सकाळी गोड बोलून अंगणात बसवतं आणि दहा वाजले की टाळकं फोडतं. वाळवण घालावं तर आभाळ येतं, उचलावं तर लख्ख ऊन. आमच्या अकोल्याच्या गल्लीत या दिवसांत संध्याकाळी डासांचं औषध मारणारा माणूस येतो. पाठीवर मशीन, तोंडाला फडकं, हातात सोंडेसारखी नळी. त्याचा आवाज आला की बाया धडाधड खिडक्या लावून घेतात. मी उघडते. माझी सून आतून ओरडते, "आई, खोकला होईल तुम्हाला!" होऊ दे बाप्पा. खोकल्याला काय, तो हवा बदलली तरी होतो. पेट्रोलात मिसळलेलं तेल जळाल्याचा तो वास असा फुकट दारात आलेला मी सोडत नसते.

प्राजक्ताच्या वासानं ज्यांना माहेर आठवतं त्या बायांचं मला कौतुक वाटतं. मला धुराच्या वासानं सासर आठवतं. त्यातही एकच मोसम आठवतो, पोळ्यापासून घट बसेपर्यंतचा, माझ्या लग्नाच्या वर्षाचा. साठ साल मागे पडून काही वर्षं झाली होती. त्या मोसमात मी एक मशीन खाऊन टाकली, असं आमच्या गावाचं ठाम मत होतं.

गाव बाळापूरच्या अलीकडचं, फाट्यावरून बैलगाडीनं आत जायचं. माहेर माझं अमरावतीचं. वडील शाळेत मास्तर, मी मॅट्रिक पास, आणि त्या मॅट्रिकचा सासरी उपयोग एवढाच की कुणाचं काही बिघडलं की म्हणायचे, "शिकेल हाये ना, तिले इचारा." आखाड माहेरी काढून मी पहिल्यांदा सासरी नांदायला निघाले तेव्हा हे मला घ्यायला आले. अकोल्याला गाडीतून उतरलो, आणि बसकडे जायच्याऐवजी हे मला एका दुकानात घेऊन गेले. मला वाटलं लुगडं घेतात. आत एक मशीन मांडून ठेवली होती. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारायची, पाठीवर घ्यायची. खाली एवढंसं इंजिन, वर पेट्रोलची टाकी, टाकीला पितळेचं चकचकीत झाकण.

दुकानदारानं सुरू करून दाखवली. आधी पेट्रोलचा कॉक उघडला. मग कार्बोरेटरच्या डोक्यावर एक इवलासा खटका होता, तो बोटानं टुकटुक दाबला. बोटाला पेट्रोल ओलं लागेपर्यंत दाबायचा, जास्त नाही. मग चोक ओढला, चाकाला भोवऱ्यासारखी दोरी गुंडाळली आणि दिला हिसका. मशीन अशी गरजली की मी ह्यांचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत धरलेला तो पहिला हात. त्या आवाजात कुणी पाहिलं नाही. मशीन कितीतरी वेळ चालली, ह्यांनीच शेवटी बंद करायला सांगितली, पेट्रोल उगाच जाऊन राहिलं म्हणून.

बसमध्ये मशीनला खिडकीची जागा मिळाली, मला तिच्या शेजारची. ह्यांचा एक हात तिच्यावर आणि डोळेही तिच्यावरच. वाटेत मी विचारलं, "मामाजी काय म्हणतील?" मामाजी म्हणजे माझे सासरे. हे म्हणाले, "आबाचं काय, आबा तं म्हणतेच." आणि मामाजी म्हणालेच. दारात गाडी थांबली, मशीन उतरली, मग मी उतरले. मामाजींनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आपल्या बैलाले दोरी ओढून सुरू करा लागत नाही, वसंता."

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात आल्या. मला ओवाळलं, मशीनला ओवाळलं. मग कनवटीची मेणाची डबी काढली. तेव्हा आम्ही बाया कपाळावर आधी मेणाचं बोट लावत असू आणि त्यावर कुंकू, म्हणजे घामानं वाहत नसे. आत्याबाईंनी माझ्या कपाळाला मेण लावून ठसठशीत कुंकू लावलं, आणि त्याच बोटानं मशीनलाही लावलं. टाकीच्या पितळी झाकणावर, अगदी मधोमध. "दोघीबी लक्ष्म्याच," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव आमच्या अंगणात. ह्यांनी कॉक उघडला, खटका दाबला, चोक लावला, दोरी ओढली. मशीन सुरू! पोरं पळाली, कोंबड्या उडाल्या, गोठ्यातली गाय दावं तोडायला निघाली. मामाजींनी कौतुक लपवायला विडी पेटवली. विडी अर्धी झाली, पाऊण झाली, आणि मशीन एकदोनदा उचकी लागल्यासारखी अडखळली आणि बंद पडली.

"पेट्रोल संपलं असन," कुणीतरी म्हणालं. झाकण उघडून पाहिलं, टाकी गच्च. झाकण लावलं, खटका, चोक, दोरी. सुरू! मामाजींनी दुसरी विडी पेटवली. ती संपायच्या आत पुन्हा उचकी, पुन्हा बंद. त्या दिवसापासून आमच्या गावात विडी हे वेळ मोजायचं माप झालं. "बाळापूर किती लांब हाये?" "हेच, वसंताची मशीन चारदा बंद पडन इतकं."

बंद पडलेलं इंजिन ही काय चीज असते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आजारी माणसाजवळ एवढे वैद्य जमत नाहीत. जो तो येणार, धोतराचा सोगा वर खोचणार, झाकण उघडून आत डोकावणार, "पेट्रोल तं हाये," म्हणणार, झाकण लावणार आणि मग आपलं औषध सुरू करणार. एकजण म्हणाला कचरा आहे, त्यानं कार्बोरेटरमध्ये फुंकर मारली. मशीन सुरू! विडीभर चालली. पण तेवढ्या विडीत तो माणूस गावाचा कार्बोरेटर-तज्ज्ञ झाला. दुसरा म्हणाला फुंकर नको, तोंडाची थुंकी जाते, सायकलचा पंप आणा. त्यानं आधी झाकण उघडून पाहिलं, मग पंप मारला. सुरू! तिसरा म्हणाला मशीनचं तोंड दक्षिणेकडे आहे, फिरवा. त्यानंही झाकण उघडलं, मशीन उत्तरेकडे फिरवली. सुरू! चौथ्यानं सगळ्यांना चपला काढायला लावल्या. तीही विडीभर चालली. गावात मग गट पडले. फुंकरवाले पंपवाल्यांशी बोलेनात. चपलांचा गट सगळ्यात मोठा होता, कारण त्यात खर्च नव्हता.

आणि हे तर खटक्याच्या नादी लागले. बोटाला पेट्रोल लागेपर्यंतच दाबायचा, हे दुकानदारानं सांगितलं होतं, पण मशीन रुसली की माणूस जरा जास्तच आर्जव करतो. दाब दाब दाबायचे, पेट्रोल खाली गळायचं, प्लग ओला चिंब. मग प्लग काढून स्वयंपाकघरात आणायचे. "जरा चुलीपाशी ठेव ना." माझ्या तव्यावर भाकरी आणि चुलीच्या कडेला प्लग, असा त्या मोसमात रोजचा स्वयंपाक. सगळ्या घराला पेट्रोलचा वास. मामाजी ताटावर बसून म्हणायचे, "सूनबाई, आजच्या भाकरीत तेलपाणी बरोबर मिसळलं हाये. खटका दाबून खाऊ का तशीच?" मी पदर तोंडाला लावून हसायची. हसू नको तर काय करू, बाहेर ह्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी, वर्षभर जू वाहिलेल्या त्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं. आत्याबाईंनी दोन्ही बैलांचे खांदे चोळले, वाटीत थोडं उरलं. त्यांनी ह्यांना हाक मारली. "वसंता, सदरा काढ." "काहून?" "मशीन तुह्याच खांद्यावर हाये ना? मंग खांदे कोणाचे शेका लागतीन?" आणि गोठ्यात, बैलांच्या रांगेत उभं करून, माझ्या मॅट्रिक नापास पण रुबाबदार नवऱ्याचे खांदे माझ्या सासूनं हळद-लोण्यानं चोळले. मी ओसरीच्या खांबाआड हसून हसून बेजार. हे माझ्याकडे बघून डोळे वटारतात, तर शेजारचा बैलही तसाच बघतोय.

पण हसणं एवढंच. पोळा सरला तशी पऱ्हाटीवर अळी दिसू लागली. पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, गळून सरीत पडायच्या. बोंडाला एवढंसं भोक, आणि आत बघावं तर ती हिरवी बया आरामात जेवून राहिलेली. शेजारच्या गावांतून हातपंपानं का होईना फवारणी चालली होती. आमच्याकडे मशीन होती, म्हणून हातपंप कुणी मागून आणेना, आणि मशीन विडीभर चालायची. एका तासाच्या शेतात दहा तास जायचे. संध्याकाळी हे पाठीवरून मशीन उतरवायचे ते थेट प्लग काढायलाच बसायचे.

आणि मग गोदाकाकू बोलल्या. गोदाकाकू माझ्या चुलत सासू, अंगणाला अंगण लागून. वाईट बाई नव्हती, पण तिच्या तोंडाला झाकण नव्हतं. आमच्याच ओट्यावर बसून, माझ्याच हातचा चहा पिऊन म्हणाल्या, "अकोल्याले दुकानात मशीन चांगली चालत होती ना, वसंता?"

"हो ना, काकू."

"मंग दुकानापासून घरापर्यंत तिच्यासंगं नवीन काय आलं?"

मी कपबशा उचलत होते.

"एकाच दिवशी दोन नव्या वस्तू आल्या घरात," काकू म्हणाल्या, "एक मशीन अन् एक सून. दोघींतली एक दुसरीले खाऊन राह्यली, एवढंच म्या म्हणतो बाप्पा. पायगुण कोणाले चुकला हाये?"

कपबशी माझ्या हातातून पडली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आत जाऊन मी ज्वारीच्या कणग्यामागे उभी राहिले आणि पोटभर रडले. पायगुण ही गोष्ट अशी की ती नाही म्हणून सिद्ध करता येत नाही. गणित चुकलं तर पुन्हा सोडवून दाखवता येतं, पाय कुठे पुन्हा उमटवून दाखवणार? त्या दिवसापासून मशीन बंद पडली की चार नजरा माझ्याकडे वळायच्या. मी नदीवर असले तरी.

बाळापूरहून करीम मिस्त्रींना आणलं. गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, बोलणं कमी, पानाचा तोबरा. त्यांनी पहिल्यांदा अंगणातले सगळे वैद्य हाकलले. मग कार्बोरेटर उघडून ताटलीत मांडला. कटोरी, तरंगा, आणि पितळेचा एक बारका जेट, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. ह्यांनी सुई पुढे केली. मिस्त्री म्हणाले, "सुई नको घालू भाऊ. छेद बडा झाला तं मशीन पेट्रोल पी पी के मरते. एक लंबा केस पाह्यजे. बाईमाणसाचा."

घरात लांब केसांची बाई एकच, मी. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता एक केस उपटायचा, हे काम किती अवघड असतं ते करून पाहा. दारामागे जाऊन उपटला, ह्यांच्या हाती दिला, ह्यांनी मिस्त्रींना दिला. माझा केस जेटमधून आरपार गेला. मिस्त्रींनी सगळं जोडलं, पेट्रोलच्या बोळ्यानं मशीन वरून खालून, टाकी, झाकण, सगळं चकाचक पुसली आणि दोरी ओढली. मशीन चालली. विडी संपली. दुसरी संपली. मिस्त्री चहा प्यायले, पान जमवलं, निघूनही गेले, तरी मशीन चालतच होती. हे लहान मुलासारखे तिच्याभोवती फिरत होते. मला वाटलं, सुटले.

आत्याबाई तेवढ्या हळहळल्या. "कुंकू पुसल्या गेलं वो तिचं." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी जास्तीचं मेण घेऊन दुप्पट मोठं कुंकू लावलं. शेतात गेल्यावर मशीन विडीभर चालली आणि बंद पडली.

आता गोदाकाकूंना काही बोलायचीही गरज नव्हती, तरी बोलल्या. "आदी नुसते पायच लागले होते. आता केसही गेला मशीनात. काय उरलं मंग?"

मामाजींनी त्या संध्याकाळी निकाल दिला. ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर. "घट बसाच्या दिवसापर्यंत मशीननं काम केलं तं केलं. नाही तं घट बसले की तिले गाडीत टाकाची अन् अकोल्याले वापस. अन् वसंता, मंग या घरात नवीन काही आणाचं नाही."

"आलेल्या सुनीचं काय कराचं तेबी सांगा," गोदाकाकू म्हणाल्या. सगळे हसले. गंमतच होती ती. मीही हसले. पण मनात आलं, मशीन तर जाईल अकोल्याला, तिची सुटका आहे. मला इथेच राहायचं आहे, आणि माझ्या पावलांवर हा शिक्का घेऊन राहायचं आहे. उद्या गाय आटली, विहिरीचं पाणी उतरलं, पोर आजारी पडलं, की ते सगळं माझ्याच पायांतून निघणार.

त्यातलीच एक पहाट. मी सडा टाकायला बाहेर आले तर ओसरीत आत्याबाई मशीनपुढे उभ्या. हातात मेणाची डबी. झाकणावर बोट फिरवत हळू आवाजात बोलून राहिल्या होत्या, "बाई, तू चाल वो. चांगली चाल. माह्या सुनीवर कोणाचं बोट नको येऊ देऊ." मी बादलीसकट मागे सरले. तोपर्यंत मला वाटायचं, त्यांनाही आतून काकूंसारखंच वाटत असेल, बोलत नसतील एवढंच. शेणाच्या सड्यात माझे डोळे किती गळले, कोण मोजतो.

घट बसायचा आदला दिवस उजाडला. मशीन पोत्यात बांधून ओसरीच्या कडेला ठेवली होती, फक्त झाकणाचा भाग वर दिसत होता. त्यावर आत्याबाईंचं कुंकू ताजं. दुपारी आत्याबाईंनी मला हाक मारली, नऊ दिवसांच्या अखंड दिव्यासाठी तेलाचा नवा डबा फोडायचा होता. मी खिळा आणि बत्ता घेतला, डब्याच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि डबा बरणीवर ओणवा केला. तेल आलं, धार बारीक झाली, डबा बुडबुडला आणि धार थांबली.

"अवो पोरी," आत्याबाई हसल्या, "मॅट्रिक झाली अन् डबा फोडता येत नाही? एका भोकानं तेल कुठी येते? दुसरं भोक पाड, तिकडून. डब्याले श्वास घ्याले जागा पाह्यजे ना!"

मी दुसरं भोक पाडलं. सूंऽऽ करून हवा आत गेली, आणि तेलाची धार अशी सरळ सुटली की बरणी भरली तरी मला थांबवायचं सुचेना.

"सांडलं, सांडलं! कुठी ध्यान हाये तुहं?"

माझं ध्यान ओसरीत होतं. झाकण उघडलं की दर वेळी असाच बारीक आवाज यायचा, सूंऽऽ. सगळे वैद्य आत डोकावायचे आणि तो आवाज सगळ्यांच्या कानावरून जायचा. म्हणजे फुंकर नाही, पंप नाही, उत्तर दिशा नाही, चपला नाहीत. मशीन सुरू होत होती ती झाकण उघडल्यानं. आणि झाकण लावलं की पुन्हा तिचा श्वास कोंडत होता.

मी तेलाच्या हातानं ओसरीत गेले. झाकणावरचं कुंकू बोटानं बाजूला केलं. खाली मेण, मिस्त्रींनी पुसल्यापासून रोज चढलेलं, थरावर थर. अंबाड्यातला आकडा काढून मेण टोकरलं, आणि मधोमध एक बारीक भोक उघडं पडलं. कारखान्यातूनच पाडलेलं, हवा आत जायला. किती नीटनेटकं, किती बरोबर मधोमध! कुंकू लावायला त्याहून चांगली जागा कुठल्याच बाईला सापडली नसती.

हे गोठ्यात होते. मी म्हटलं, "एकदा दोरी ओढा ना."

"कायले राह्यलेली इज्जत घालवतं?"

"एकदा. मग कधी म्हणणार नाही."

पोतं सोडलं. कॉक, खटका, चोक. हे ओढत होते तेही मशीनकडे न बघता. मशीन सुरू झाली. मामाजी आवाज ऐकून बाहेर आले, सवयीनं विडी पेटवली, ओट्यावर बसले. विडी संपली. त्यांनी थोटकाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, दुसरी पेटवली. तीही संपली. गाव जमू लागलं, न सांगता चपला काढून उभं राहू लागलं. तिसरी विडी मामाजींनी पेटवलीच नाही, तशीच बोटांत धरून बसले. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि ते धुराला शिव्या देत होते. टाकी कोरडी होईपर्यंत मशीन चालली. बंद पडली तेव्हा झाकण उघडून पाहिलं, आणि खरंच पेट्रोल संपलेलं बघून आमच्या अंगणात लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय केलं? काय केलं?" सगळ्यांचं एकच.

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं सांगतलं ओढाले."

आता सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आणि माझ्या तोंडाशी आलेलं सगळं, डबा, दोन भोकं, मेण, सगळं एका दमात सांगायला मी तोंड उघडलं, तर समोर दारात आत्याबाई. हातात तेलाची बरणी. नजर माझ्या हातातल्या आकड्यावर. आकड्याच्या टोकाला लालबुंद मेणाचा गोळा.

मी तोंड मिटलं. इतके दिवस जी बाई पहाटे उठून माझ्यासाठी मशीनच्या हातापाया पडत होती, तिच्याकडे गावाचं बोट मी कसं वळवू? आणि गोदाकाकू पहिल्या रांगेत, कान टवकारून.

"बोल ना वो," काकू म्हणाल्या. "का मंत्र मारला?"

"ते काय सांगन?" आत्याबाई पुढे आल्या. बरणी खाली ठेवली, पदर खोचला. "म्या सांगतो. मिस्त्रीनं माह्या सुनीचा केस घातला होता ना मशीनीत? नवा केस होता, मशीनीले सवय व्हाले वेळ लागला. आता बसला तो बरोबर. अशी लक्ष्मीच्या पायाची सून हाये माही, गोदे. तू तं काहीबाही बोलून राह्यली होती."

असलं धडधडीत खोटं इतक्या देवभोळ्या बाईनं इतक्या सहज बोललेलं मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. आणि गावाला पटलं! चपलांपेक्षा केस हे कारण लोकांना जास्त भारदस्त वाटलं. घट बसले, आणि दसऱ्यापर्यंत आमचं सगळं शेत फवारून झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं आसपासच्या गावांतून कुणाचं इंजिन अडलं की बाया माझ्याकडे केस मागायला यायच्या. गोदाकाकूंनीही नेला एकदा, त्यांच्या मुलाच्या फटफटीसाठी. मी देत गेले. काही चालल्याही म्हणे.

पण त्या रात्री मला झोप नव्हती. सकाळ झाली की आत्याबाई पुन्हा मेणाची डबी घेऊन येणार, त्यांना कसं सांगावं? मी मनाशी एक भाषण जुळवलं. म्हणणार होते, आत्याबाई, तान्ह्या लेकराची टाळू असते ना, तशी ही मशीनची टाळू आहे, तिच्यावर काही लावू नये, कपाळ तिचं समोर आहे. पाठ करून ठेवलं होतं. पहाटे उठून ओसरीत गेले तर आत्याबाई आधीच तिथे. झाकणाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मशीनच्या समोरच्या पत्र्यावर, सपाट जागा बघून, मेणाचं बोट टेकवलं आणि कुंकू लावलं. मग मला जवळ ओढून माझ्या कपाळाला लावलं. त्यांचं बोट माझ्या कपाळावर थोडा जास्त वेळ राहिलं.

"लेकराच्या टाळूवर मेण लावून बसली होती मी," त्या हळूच म्हणाल्या. "डब्याले दोन भोकं लागतात हे तुले शिकवाले निंगाली, अन् स्वतःच एक बुजवून राह्यली."

माझं सगळं भाषण वाया.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या, "तुह्या केसाचं म्या सांगतलं गावाले. आता माह्या मेणाचं तू नको सांगजो. गोदीले तं बिलकुल नाही."

आणि आम्ही दोघी, सासू आणि सून, पहाटेच्या त्या अंधारात तोंडात पदर कोंबून अशा हसलो की मामाजींनी आतून विचारलं, "काहून वो, मशीन सुरू झाली काय?"

मी शब्द पाळला. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत केसांवर विश्वास ठेवून होते आणि माझे केस गळायला लागले तेव्हा त्यांनी खऱ्या काळजीनं तेल आणून दिलं. आत्याबाई गेल्या, मामाजी गेले, हे गेले, ती मशीनही भंगारात गेली. आज हे कागदावर लिहिते आहे ते एवढ्याच भरवशावर, की गोदाकाकूंना वाचता येत नव्हतं.

आणि लिहायचं निमित्त काल संध्याकाळचं. डासांचं औषध मारणारा तो माणूस नेमका आमच्या खिडकीसमोर अडला. मशीन उचकी देऊन बंद. त्यानं खटका दाबला, दोरी ओढली, चार शिव्या घातल्या. मी खिडकीतून म्हटलं, "भाऊ, टाकीचं झाकण उघड."

"पेट्रोल फुल हाये, आजी."

"हाये ना. मले मालूम हाये. उघड तं खरं."

त्यानं उघडलं. सूंऽऽ. तो आवाज इतक्या वर्षांनी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. "आता झाकणाच्या मधात भोक असन, ते काडीनं साफ कर." त्यानं वाळलेला चिखल टोकरून काढला, झाकण लावलं, दोरी ओढली. मशीन गरजली. सूनबाई आतून धावत आली, खिडकी लावायला.

तो माणूस तोंडावरचं फडकं खाली करून माझ्याकडे बघतच राहिला. "आजी, तुमाले मशीनीतलं कसं काय समजते?"

"माह्या सासूनं शिकवलं," मी म्हटलं. "लय हुशार होती बाप्पा, मशीनीत."